कात्रानिदे राणीचा आनी येथील शिलालेख : भाष्य

अखुर्यान नदीच्या उंच काठावर, आजच्या तुर्कस्तानातल्या कार्स प्रांतात, आर्मेनियाच्या सरहद्दीला खेटून आनी नावाचे ओसाड शहर आहे. ९६१ साली बग्रातुनी घराण्याच्या तिसऱ्या अशोत राजाने इथे राजधानी आणली आणि पुढची ऐंशी-पंचाऐंशी वर्षे हे शहर आर्मेनियाचे काळीज होते. त्यातले महाचर्च, पवित्र देवमातेला वाहिलेले, घुमट गमावूनही उभे आहे. त्याच्या दक्षिण भिंतीवर गगिक पहिला याची राणी कात्रानिदे हिचा लेख कोरलेला आहे. बांधकामाचा पुरावा म्हणून वास्तूचे अभ्यासक त्याचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. माझ्या मते तो त्याहून मोठा ऐवज आहे. आर्मेनियातल्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या एका स्त्रीने स्वतःचे कुळ, सासर, मुले आणि मरणानंतरची सोय एका सलग विधानात मांडलेली इथे आढळते, तीही प्रथमपुरुषी. म्हणून चर्चसाठी लेख न वाचता लेखासाठी चर्च पाहावे, असा या भाष्याचा पवित्रा आहे.

मूळ लेख सलग आहे. अर्थाच्या सोयीसाठी मी त्याच्या ओळी पाडल्या आहेत, आणि प्रत्येक ओळीचा आशय माझ्या शब्दांत देऊन खाली टीका केली आहे.

ओळ १. आर्मेनियन गणनेचे ४५०वे वर्ष. शेजारी रोमी गणनेचेही वर्ष.

आर्मेनियन संवत इ. स. ५५२ मध्ये सुरू होतो. आपण शकात ७८ मिळवतो, तसे इथे ५५१ मिळवावे लागतात. ४५० अधिक ५५१ म्हणजे १००१. आकडे अक्षरांनी लिहिले आहेत: ‘नू’ म्हणजे ४०० आणि ‘त्सा’ म्हणजे ५०, कारण आर्मेनियन वर्णमालेतले प्रत्येक अक्षर एक संख्याही असते. काही अभ्यासक काम पुरे झाल्याचे वर्ष याहून थोडे पुढे नेतात. पण लेख स्वतः ज्या वर्षापासून बोलायला सुरुवात करतो ते हेच, म्हणून मी १००१ धरतो.

ओळ २. देवाने सन्मानिलेला, आर्मेनियनांचा आध्यात्मिक स्वामी सर्गिस कॅथलिकोस याच्या काळात.

कॅथलिकोस हा आर्मेनियन चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू. सर्गिस ९९२ साली या पदावर आला आणि १०१९ पर्यंत राहिला. त्याच्या आधी हे पीठ आनीजवळच्या अर्गिना गावात होते. सर्गिसच्या कारकिर्दीत ते आनीत आले. राणीने पूर्ण केलेले चर्च म्हणजे त्याच पीठाचे नवे आसन. सासूने, म्हणजे खोस्रोवानुइश राणीने, राजधानीपासून दूर उत्तरेकडच्या डोंगरात सनाहिन आणि हाघपात हे मठ उभे केले होते. सून मात्र राजधानीच्या मध्यभागी, सगळ्या राष्ट्राच्या धर्मगुरूच्या आसनाच्या कामाला हात घालते. म्हणूनच राजाच्याही आधी सर्गिसचे नाव येते. इतिहासकार स्तेपानोस तारोनेत्सी, ज्याला असोघिक म्हणतात, त्याने आपला इतिहास याच सर्गिसच्या सांगण्यावरून लिहिला आणि १००४ पर्यंत आणून थांबवला. आपल्याला कात्रानिदे ज्या दोन ठिकाणी भेटते, ही भिंत आणि असोघिकचा ग्रंथ, त्या दोन्हींच्या मागे हा एकच माणूस उभा आहे, हे पुढे वाचताना लक्षात ठेवावे.

ओळ ३. आर्मेनियन आणि जॉर्जियन यांचा शाहनशाह गगिक याच्या वैभवशाली राज्यात.

इथे राजाचा दावा पाहायचा. गगिक ९८९ साली, थोरला भाऊ स्म्बात वारला त्याच दिवशी गादीवर आला. तेव्हा आर्मेनियात एकच राजा नव्हता. कार्सला बग्रातुनींची दुसरी शाखा राज्य करत होती, उत्तरेला ताशिर-झोरागेत त्याच घराण्याच्या तिसऱ्या फांदीकडे होते, वान सरोवराभोवतीचे वास्पुराकान अर्त्सरुनी घराण्याचे होते, आणि आग्नेयेला स्यूनिक होते. या सगळ्या मुकुटांच्या वरचा मुकुट आपला, असे शाहनशाह ही पदवी सांगते. पदवी इराणी. बगदादच्या खलिफांच्या आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांच्या मधे अडकलेल्या या पर्वतीय राज्याने ती मोठ्या हिमतीने घेतली होती. आणि दावा पोकळ नव्हता. राणीचा लेख कोरला गेला त्याच सुमाराला, १००१ साली, ताशिरचा दावित हा गगिकचा पुतण्या बंड करून उठला. गगिकने त्याचा मुलूख हिसकावून घेतला आणि नमल्यावर त्यातला काही परत दिला. इतिहासात या दावितला ‘भूमिहीन’ असे नाव कायमचे चिकटले.

ओळ ४. मी, कात्रानिदे, आर्मेनियनांची राणी.

इथवर पुढे काय घडणार याची फक्त चौकट आहे. कर्ता इथे येतो, आणि तो ‘मी’ आहे.

नाव घराण्याला नवे नव्हते. बग्रातुनी राज्याचा संस्थापक पहिला अशोत, ज्याला ८८०च्या दशकात खलिफा आणि बायझंटाईन सम्राट या दोघांकडून मुकुट आला, त्याच्या राणीचे नावही कात्रानिदेच होते. असोघिक हिला कात्रामिदे म्हणतो. लेखात कात्रानिदे आहे. मी लेखाचे रूप घेतो, कारण ते तिच्या हयातीत तिच्या डोळ्यांसमोर कोरले गेले.

पद लक्षात घ्यावे. ‘गगिकची राणी’ असे ती म्हणत नाही. आर्मेनियनांची राणी म्हणते. नवऱ्याचे नाव आधीच येऊन गेले आहे, आणि पुन्हा येणार आहे, पण तिच्या पदाला ते जोडलेले नाही. पद तिला थेट प्रजेकडून आले आहे.

ओळ ५. स्यूनिकचा राजा वसाक याची मुलगी.

पदानंतर लगेच माहेर. सासरचा कुणीही अजून तिच्या ओळखीत आलेला नाही.

स्यूनिक म्हणजे आजच्या आर्मेनियाचा दक्षिणेकडचा डोंगराळ पट्टा: कापान, तातेव मठ, खोल दऱ्या. तिथल्या सरदार घराण्याने ९८७ मध्ये स्वतःला राजे म्हणवून घेतले. वसाक हा त्या ताज्या मुकुटाचा वारस. असोघिक त्याला राजा न म्हणता सरदार म्हणतो. दोन साक्षीदारांमधला हा फरक मला फार बोलका वाटतो. असोघिक आनीच्या कॅथलिकोसच्या छायेत लिहितो. आनीच्या नजरेत स्यूनिकचा मुकुट म्हणजे आपल्या मुकुटातला एक खडा. राणी मात्र आनीच्याच भिंतीवर, शाहनशाहच्या नावापुढे थोड्याच शब्दांवर, आपल्या बापाला राजा म्हणते. तिच्या लग्नाचे राजकारण या एका पदवीत मावते. गगिकला स्यूनिक आपल्या छत्राखाली हवे होते आणि मुलगी आणून त्याने तो धागा बांधला. मुलीने तो धागा दोन्ही टोकांना राजे ठेवून बांधून घेतला.

लेख राजाने कोरवला असता तर ही पदवी अशीच आली असती का? मला नाही वाटत.

ओळ ६. देवाच्या दयेचा आसरा घेतला.

दानलेखातले रूढ वचन. पुढे जाऊ.

ओळ ७. माझा पती शाहनशाह गगिक याच्या आज्ञेने मी हे पवित्र महाचर्च बांधले.

या ओळीवर वाद होऊ शकतो, म्हणून जरा थांबतो. ‘आज्ञेने’ हा शब्द धरून काही जण म्हणतील की बांधणारा गगिकच, राणी केवळ नावापुरती. मला हे पटत नाही, आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण गगिकच्याच हातचे. नेमक्या याच वर्षांत तो शहराच्या वायव्येला स्वतःचे चर्च बांधत होता: संत ग्रिगोर याला वाहिलेले, सातव्या शतकातल्या झ्वार्तनोत्स चर्चच्या नमुन्यावरचे, गोल आणि भव्य. असोघिकने त्याची सांगड येशूच्या अवताराला हजार वर्षे भरण्याशी घातली आहे. १९०६ साली निकोलाय मार याच्या उत्खननात तिथे गगिकचा सव्वादोन मीटर उंचीचा पुतळा सापडला. डोक्याला मोठा फेटा, हातात चर्चची प्रतिकृती. पुतळा पुढे हरवला, छायाचित्रे उरली. म्हणजे राजाला आपले बांधकाम कुठले हे नीट ठाऊक होते आणि त्याने त्यावर आपली मूर्ती उभी केली. महाचर्चवर त्याने असे काही केले नाही.

दुसरे कारण असोघिकचे. महाचर्च पूर्ण करण्याचे श्रेय तोही राणीलाच देतो, आणि तिने आतल्या सजावटीसाठी काय काय दिले तेही नोंदवतो.

मग आज्ञा कशाला? माझे वाचन असे. चर्चला दिलेले दान कायमचे टिकायचे तर त्याला राजाची मान्यता हवी. पुढच्या वारसाने ते मोडू नये म्हणून. ‘आज्ञेने’ हे तिच्या दानाला लावलेले कवच आहे. क्रियापद मात्र तिचेच राहते: मी बांधले. वाक्यात राजा करण आहे, कर्ता नाही.

दोन्ही वास्तूंचा स्थपती एकच, त्रदात. राजाचे गोल चर्च लवकरच खचू लागले, खांबांना टेकू द्यावे लागले, आणि आज तिथे गोलाकार पाया आणि विखुरलेले दगड आहेत. राणीचे चर्च सुमारे ३४ मीटर लांब आणि २२ मीटर रुंद. गुळगुळीत तासलेला तांबूस-तपकिरी टफ दगड, बाहेरच्या भिंतींवर बारीक दंडांची आंधळी कमान-माळ, भिंतीत खोल उतरलेले त्रिकोणी कोनाडे. आत जुडीसारखे बांधलेले स्तंभ आणि टोकदार कमानी. पश्चिम युरोपातल्या गॉथिक चर्चच्या शतकभर आधी हे सगळे इथे दिसते, म्हणून युरोपीय अभ्यासकांना ही वास्तू पाहून हजार तर्क सुचले. मला त्यांतल्या बहुतेकांची गरज वाटत नाही. ही शिल्पबुद्धी आर्मेनियातच सहाव्या-सातव्या शतकापासून घडत आली होती.

ओळ ८. ज्याचा पाया थोर स्म्बातने घातला होता.

स्म्बात म्हणजे राणीचा दीर, दुसरा स्म्बात, राज्यकाल ९७७ ते ९८९. आनीचा प्रचंड दुहेरी तट त्याचाच. चर्चचा पाया ९८९ साली घातला आणि त्याच वर्षी तो वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉन्स्टँटिनोपलला भूकंप झाला, हागिया सोफियाच्या घुमटाचा एक भाग कोसळला, आणि तो दुरुस्त करायला बायझंटाईन दरबाराने ज्याला बोलावले तो आनीचाच त्रदात होता. ते काम ९९४ पर्यंत चालले. राजा गेला, स्थपती गेला, पाया उघडा पडला. असा अडकलेला पाया पूर्ण करायला घेणे म्हणजे नुसती धर्मनिष्ठा नव्हे. शहराच्या मध्यभागी मेलेल्या दिराचे अर्धवट स्वप्न उघडे पडलेले होते.

हे तिने लपवले नाही. स्म्बातचे नाव ती मानाने घेते, ‘थोर’ म्हणते. दुसऱ्याच्या पायावर बांधणारे पुष्कळ लोक पायाचे नाव गाळतात.

सासूच्या मठांशी इथे पुन्हा जोडणी लागते. हाघपातच्या पूर्व भिंतीवर खोस्रोवानुइशने आपल्या दोन मुलांची शिल्पे कोरवली आहेत, स्म्बात आणि गुर्गेन, दोघांच्या हातांत मिळून चर्चची प्रतिकृती. सनाहिनलाही हेच दोघे. तिसरा मुलगा गगिक तिथे नाही. आईने ज्याला दगडावर जागा दिली नाही तोच पुढे शाहनशाह झाला, आणि त्याच्या बायकोने दिराचे नाव आपल्या दगडावर कोरले.

ओळ ९. हे देवाचे घर उभे केले, नवे आणि जिवंत आध्यात्मिक अपत्य, चिरंतन स्मारक.

मला लेखातली ही सर्वांत सुंदर ओळ वाटते. चर्चला अपत्य म्हणणे दानलेखांत अगदी अनोखे नसेल, पण हे म्हणणारी आई आहे आणि पुढच्याच ओळीत तिच्या पोटच्या मुलांची नावे येणार आहेत. दगडाचे अपत्य आणि रक्ताची अपत्ये तिने शेजारी-शेजारी ठेवली.

ओळ १०. मौल्यवान अलंकारांनी सजवून, माझ्याकडून आणि माझ्या कुळाकडून व मुलगे स्म्बात, अबास आणि अशोत यांच्याकडून ख्रिस्ताला भेट.

अलंकारांचे तपशील असोघिक देतो: सोन्याच्या धाग्याने विणलेले, जांभळ्या फुलांचे पडदे, सोन्याचांदीची पात्रे. हे आता काहीच उरलेले नाही. आर्मेनियन परंपरा आणखी एका वस्तूबद्दल सांगते, आणि भारतीय वाचकाला ती जिव्हाळ्याची वाटेल: स्म्बात राजाने हिंदुस्थानातून आणवलेला स्फटिकाचा मोठा दिवा या चर्चमध्ये टांगला होता. १०६४ मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने शहर जिंकले तेव्हा तो पडून फुटला, असे हीच परंपरा सांगते. कोणत्या बंदरातून, कोणत्या व्यापाऱ्याच्या हातून तो गेला असेल, यावर मी तर्क करणार नाही. आनी मात्र रेशीममार्गाच्या एका शाखेवरचे श्रीमंत नाके होते, आणि राणीच्या दानामागची संपत्ती त्याच जकातीतून आणि बाजारातून येत होती.

आता मुलगे. तिघांची नावे एका श्वासात, एका ख्रिस्ताला, एका भेटीत. १००१ साली त्यांच्यात काही भेद दिसायचे कारण नव्हते. गगिक वारला, वर्ष काही जण १०१७ मानतात तर काही १०२०, आणि ही ओळ फाटली. थोरला, ज्याला इतिहास होव्हान्नेस-स्म्बात म्हणतो, आनीत गादीवर बसला. अशोत, पुढे ‘शूर’ म्हणून ओळखला गेलेला, सैन्य घेऊन भावावर चालून आला. जॉर्जियाच्या राजाने मध्यस्थी केली, आणि तोडगा असा निघाला की शहर आणि भोवतालचा मुलूख स्म्बातकडे, बाहेरचे प्रांत अशोतकडे. एका राज्यात दोन राजे झाले. अबासबद्दल इतिहास जवळजवळ मुका आहे.

त्यानंतरचे तर आणखी कडू. १०२२च्या सुमाराला होव्हान्नेस-स्म्बातने सम्राट बासिल दुसरा याला लिहून दिले की आपल्या मरणानंतर आनी बायझंटियमकडे जावे. तो कागद सम्राटाकडे पोचवणारा होता पेत्रोस कॅथलिकोस, सर्गिसचा उत्तराधिकारी, याच चर्चच्या आसनावर बसणारा. १०४०च्या सुमाराला दोन्ही भाऊ गेले. आनीच्या सरदारांनी अशोतच्या कोवळ्या वयाच्या मुलाला, म्हणजे कात्रानिदेच्या नातवाला, दुसरा गगिक म्हणून गादीवर बसवले. बायझंटाईन दरबाराने त्याला वाटाघाटींच्या निमित्ताने कॉन्स्टँटिनोपलला बोलावून तिथेच अडकवले, आणि १०४५ मध्ये आनी हातचे गेले. नातवाला कप्पादोकियात जमीन मिळाली, राज्य मिळाले नाही. १०७९च्या सुमाराला तो ग्रीकांच्या हातून मारला गेला.

या ओळीत एक नाव नाही. गगिकची मुलगी खुशुश वास्पुराकानचा राजा सेनेकेरिम याची राणी होती. भेट देणाऱ्यांत मुलगे आहेत, मुलगी नाही. लग्न होऊन दुसऱ्या मुलखात गेलेली मुलगी आनीच्या दानात कशी बसणार, असे कुणी म्हणेल. पण जी स्वतः दुसऱ्या मुलखातून आली आणि बापाचे नाव नवऱ्याच्या भिंतीवर कोरून बसली, तिने हे गाळावे याची मला हळहळ वाटते. खुशुशच्या नवऱ्याने १०२१ मध्ये वास्पुराकान बायझंटियमला देऊन सेबास्तियाला स्थलांतर केले. म्हणजे कुटुंबातली एक शाखा आनीच्याही आधी राज्य सोडून गेली.

ओळ ११. मी, सर्गिस, सेवकांना आज्ञा देतो: या धर्मनिष्ठ राणीच्या मृत्यूनंतर चाळीस दिवसांची प्रार्थना, ख्रिस्ताच्या आगमनापर्यंत.

‘मी’ बदलतो. आतापर्यंत राणी बोलत होती. इथे कॅथलिकोस बोलतो. ‘मृत्यूनंतर’ या शब्दामुळे राणी गेल्यावर हे कोरले असा समज होऊ नये. हा करार आहे: तिने चर्च दिले, चर्चने प्रार्थना दिली, आणि दोघांनी आपापल्या तोंडाने तो भिंतीवर घातला. तिच्या बाजूचा व्यवहार पूर्ण झाला आहे, त्याच्या बाजूचा पुढच्या सगळ्या पिढ्यांवर टाकलेला आहे. करारात मुदत आहे ती जगाच्या अंतापर्यंतची.

ओळ १२. जो हे लिखित तुच्छ मानील त्याला ख्रिस्ताचा दंड.

हे वचन चर्चच्या सेवकांना उद्देशून आहे, शत्रूला नव्हे. आळस, विसर, पैसे खाणे, यांविरुद्ध. लेख लिहिणाऱ्यांना घरातल्याच माणसांची भीती होती.

प्रत्यक्षात प्रार्थना थांबवली ती शत्रूने. १०६४ नंतर घुमटावरचा क्रॉस उतरवला गेला आणि चर्चची मशीद झाली. १२व्या शतकात जॉर्जियन सैन्यांनी शहर घेतले तेव्हा वास्तू पुन्हा ख्रिस्ती झाली, आणि १२१३ साली तिग्रान होनेन्त्स या धनाढ्य व्यापाऱ्याने तिच्या दुरुस्तीसाठी पैसे दिल्याचे त्याचा स्वतःचा लेख सांगतो. राणीच्या कुळाचा एकही माणूस तेव्हा आनीत राज्य करत नव्हता. १३१९च्या भूकंपात घुमट कोसळला, आणि १९८८च्या भूकंपात वायव्येचा कोपरा ढासळला. लेख असलेली दक्षिण भिंत दोन्ही धक्क्यांतून उभी राहिली.